अद्भुत कादंबऱ्यांचें कपाट

आमच्या शाळेच्या वाचनालयांत खिडकीलगत एक लहानसें कपाट आहे. त्यांत अद्भुत कथा-कादंबऱ्या ठेविलेल्या असतात. ह्या वर्षीं एका पालकांनीं, अत्यंत सौजन्यानें पण निक्षून, असें कळविलें कीं, हें कपाट परीक्षेपर्यंत कुलूपबंद ठेवावें. कारण त्यांचे चिरंजीव गणिताच्या वहीखालीं 'चंद्रकांता' लपवून वाचतांना सांपडले. पालकांची काळजी आम्हांस समजते. तथापि कुलूप लावण्यापूर्वीं दुसरी बाजूही ऐकून घ्यावी, अशी आमची विनंति आहे.

'चंद्रकांता' ही देवकीनंदन खत्री (१८६१-१९१३) ह्यांची हिंदी कादंबरी. ती वाचतां यावी म्हणून त्या काळीं पुष्कळ उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले, असें हिंदी वाङ्मयाचे इतिहासकार सांगतात. खत्रींनीं चकिया व नौगड येथील जंगलांचा ठेका घेतला होता. तेथील दऱ्या, पडके किल्ले व ओसाड इमारती त्यांच्या पायांखालच्या होत्या. म्हणूनच त्यांचें तिलिस्म सर्वस्वीं कल्पित असलें, तरी त्याभोंवतींचें अरण्य खरें वाटतें.

नौगडचा राजपुत्र वीरेंद्रसिंह व विजयगडची राजकन्या चंद्रकांता ह्यांचें परस्परांवर प्रेम आहे. विजयगडच्या वजिराचा मुलगा क्रूरसिंह ह्यास राजकन्या हवी, आणि तिच्यामागून येणारें राज्यही हवें. (आपल्या मुलाचें नांव 'क्रूर' कोणत्या बापानें ठेवावें, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं!) तो राजाच्या कानाशीं लागतो, हेर सोडतो, आणि डाव फसूं लागतांच चुनारच्या शिवदत्ताकडे जाऊन आपल्याच धन्यावर शत्रु आणतो. ज्या पालकांनीं १९९४ सालीं सुरू झालेली दूरदर्शनवरील मालिका पाहिली असेल, त्यांस हा गृहस्थ आठवत असेलच. मात्र मालिकेंत मूळ कथा पुष्कळच बदलली आहे.

नायक-नायिका, खरें सांगावयाचें तर, आम्हांस फारशीं आवडलीं नाहींत. तीं विरहानें अश्रु ढाळण्यांत फार वेळ घालवितात. कादंबरी तोलून धरितात ते ऐयार. वेषांतर, औषधी, धांवणें, गाणें-बजावणें, हेरगिरी अशा सर्व विद्यांत तरबेज असलेला दरबारी चाकर म्हणजे ऐयार. तेजसिंह हा वीरेंद्राचा ऐयार आणि जिवलग मित्रही. राजपुत्र उसासे टाकीत असतां हा विचार करीत असतो. आणि चपला! राजकन्येची ही सखी स्वतः ऐयारींत निपुण आहे. कोणी सोडवावयास येईल म्हणून वाट पाहत न बसतां ती स्वतःच डाव टाकते, हें आमच्या विद्यार्थिनींनीं अवश्य पाहावें. राजांत युद्ध जुंपलें असतां हे ऐयार रक्त न सांडतां केवळ चातुर्यानें तें मिटवीत, असें ग्रंथकार प्रस्तावनेंत सांगतात. तरवारीहून बुद्धीस मान देणारी ही कल्पना मुलांच्या हातीं पडली तर त्यांत वाईट काय आहे?

राजदरबार गेले, पण कानाशीं लागणारे गेले नाहींत. ह्याच वर्षीं आठवीच्या एका मुलावर चोरीचा आळ आला, आणि दोन दिवसांत अर्धा वर्ग त्याच्याशीं बोलेनासा झाला. तेव्हां एक मुलगा आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, हें क्रूरसिंहाचें काम दिसतें. प्रथम कोणी सांगितलें तें शोधूं या." शोध केला. आळ खोटा निघाला. ज्यानें तो घेतला, त्याचें त्या मुलाशीं क्रिकेटच्या संघावरून वांकडें होतें. शोध करूं म्हणणारा मुलगा म्हणजे गणिताच्या वहीखालीं पुस्तक लपविणाराच होय, हें त्याच्या वडिलांस बहुधा ठाऊक नसावें.

कादंबरींत दोष नाहींत असें नाहीं. योगायोग फार आहेत. आणि बेशुद्ध होण्याचे प्रसंग तर इतके आहेत कीं, मोजण्याचा नाद आम्हीं पहिल्याच भागांत सोडला. पण राक्षस, जादू, भुयारें हींच जर हरकत असेल, तर बनियनच्या ग्रंथाचें काय करावयाचें? १६७८ सालच्या त्या ग्रंथाचें हरि केशवजींनीं केलेलें 'यात्रिकक्रमण' हें मराठी भाषांतर १८४१ सालीं निघालें, तेव्हांपासून तें धर्मशील कुटुंबांतून वाचिलें गेलें आहे. त्यांतही नैराश्य नांवाचा राक्षस यात्रेकरूंस आपल्या किल्ल्यांत कोंडतो, आणि वचनाची किल्ली उराशींच असल्याचें त्यांस उशिरानें आठवतें. तो किल्ला आणि चंद्रकांतेचें तिलिस्म ह्यांत लहान मुलास फारसा फरक दिसत नाहीं. दोहोंतूनही बाहेर कसें पडावयाचें, हाच त्याचा प्रश्न असतो.

यास्तव कपाटास कुलूप न लावतां तें शनिवारीं दुपारीं उघडावें, व गणिताची वही दाखविल्यावांचून पुस्तक देऊं नये, असें आम्हीं ठरविलें आहे. सदर चिरंजीवांस मात्र एक सूचना: 'चंद्रकांते'चा चौथा भाग त्यांच्याचकडे आहे आणि सातवींतील तीन मुली त्यासाठीं खोळंबल्या आहेत, तरी तो येत्या शनिवारीं परत करावा.