आयर्लंडचा नकार व दुसरें मतदान

लोकांस प्रश्न विचारावयाचा, आणि उत्तर मनाजोगें आलें नाहीं म्हणजे तोच प्रश्न पुन्हां विचारावयाचा, हा कोठला न्याय? १२ जून २००८ रोजीं आयरिश मतदारांनीं युरोपीय संघाचा लिस्बन येथील तह शेंकडा ५३.४ मतांनीं फेटाळला. २ ऑक्टोबर २००९ रोजीं त्याच मतदारांनीं तो शेंकडा ६७.१ मतांनीं पत्करला. मधल्या सोळा महिन्यांत तहाच्या मजकुरांतील एक अक्षरहि बदललें नव्हतें.

संघाच्या सत्तावीस राष्ट्रांपैकीं एकट्या आयर्लंडानें सार्वमत घेतलें, हें तेथील सरकारचें औदार्य मात्र नव्हे. रेमंड क्रॉटी नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें मागील एका युरोपीय करारावरून सरकारवर दावा लावला होता. त्यांत १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, परराष्ट्रधोरणाचा अधिकार सरकारनें स्वतः चालवावयाचा आहे, दुसऱ्यांच्या संमतीस बांधून द्यावयाचा नाहीं. तसें करणें असल्यास राज्यघटना दुरुस्त केली पाहिजे, आणि ती दुरुस्ती तेथें लोकमतावांचून होत नाहीं. एका नागरिकाच्या दाव्यानें साऱ्या राष्ट्राच्या हातीं ही किल्ली आली.

इतरांचें काय झालें तें पाहावें. २००५ सालीं युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फ्रान्सनें शेंकडा ५४.७ व नेदर्लंड्सनें ६१.५ मतांनीं नाकारला. त्यांतील बहुतेक ऐवज लिस्बनच्या तहांत आला. पण या खेपेस दोन्ही सरकारांनीं केवळ पार्लमेंटाची मान्यता घेतली व मतदारांस पुसलेंच नाहीं. आयरिशांस दोनदां विचारलें याचा राग येणाऱ्यांनीं, फ्रेंचांस दुसऱ्यांदां विचारलेंहि नाहीं, हें विसरूं नये.

आयरिश मतदारांस तह कळला नाहीं, असा आक्षेप घेण्यांत आला. तो अगदींच खोटा नव्हता. न समजल्यामुळें विरोध केला, असें सांगणारे पुष्कळ होते. पण पंतप्रधान ब्रायन कॉवेन यांनींच तह आरंभापासून अखेरपर्यंत वाचला नसल्याचें कबूल केलें होतें! पक्षकारापुढें दस्तऐवज ठेवून ‘आम्हीं वाचला नाहीं, तुम्ही सही करा’ म्हणणाऱ्या वकिलाची काय गत होईल, हें आम्हांस आमच्या धंद्यावरून ठाऊक आहे.

तथापि दुसरें मतदान मुळांतच अन्यायाचें, असें आमचें म्हणणें नाहीं. फेरतपासणी कायद्यास मान्य आहे. मात्र तीस नवें कारण लागतें. तें येथें कांहीं अंशीं होतें. कर, लष्करी तटस्थता व गर्भपाताचा कायदा यांस तहानें धक्का लागणार नाहीं, अशी हमी आयर्लंडास मिळाली. युरोपीय आयोगावर प्रत्येक राष्ट्राचा एक सभासद राहील, असें वचनहि मिळालें. डेन्मार्कनें १९९२ सालीं मास्ट्रिख्टचा तह शेंकडा ५०.७ मतांनीं नाकारून अशाच सवलती पदरांत पाडल्या होत्या. नकारानें कांहींच साधत नाहीं, हें म्हणणें म्हणून टिकत नाहीं. परंतु २००८ च्या शरदांत आयरिश बँका कोसळूं लागल्या, आणि घाबरलेल्या कुळाची संमति कितपत खुषीची, हा संशय उरतोच. शिवाय फेरतपासणी नेहमीं नकाराचीच होते. होकार मिळाला कीं खटला निकालांत निघतो, आणि मग लोकांचें मन पालटलें आहे काय, हें कोणी विचारीत नाहीं.

आमच्या घटनाकारांनीं राज्यनीतीचीं मार्गदर्शक तत्त्वें आयर्लंडाकडून घेतलीं. सार्वमत घेतलें नाहीं. एवढ्या अवाढव्य देशांत तें शहाणपणाचेंच झालें असेल. पण येथें तह करण्यास संसदेचीहि पूर्वसंमति लागत नाहीं. १९९४ सालीं माराकेश येथें जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर सरकारनें सही केली. तिचे परिणाम शेतकऱ्याच्या बियाण्यापासून औषधाच्या किंमतीपर्यंत पोंचले. असे करार पक्के होण्यापूर्वीं लोकसभेपुढें मतास टाकावे, एवढा कायदा तरी संसदेनें करावा, अशी आमची मागणी आहे.