सर्दी-खोकल्याची चिठ्ठी

पावसाळा लागला की रत्नागिरी, लांजा, संगमेश्वरातले दवाखाने सर्दी-खोकल्याने आणि घसा धरलेल्या रुग्णांनी भरून जातात. यातले बहुतेक आजार विषाणूंचे असतात आणि त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही, हे फॅमिली डॉक्टरांना पक्के ठाऊक असते. तरीही चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन ५०० उतरते, रोज एक, तीन दिवस. २०१९ मध्ये देशातल्या खासगी बाजारात सर्वाधिक खपलेले अँटिबायोटिक हीच गोळी होती. माहिती असूनही हे घडते, म्हणून डॉक्टरांसाठी आणखी एक कार्यशाळा, हा उपाय मला अपुरा वाटतो. बिहारमधल्या ग्रामीण उपचारकांचा (यातल्या बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती) एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांच्या जुलाबांवर काय देऊ म्हणून त्यांनी सांगितले आणि रुग्ण दारात आल्यावर काय दिले, यांत मोठी तफावत निघाली. पदवीधरही या तफावतीतून सुटत नाहीत. साधा खोकला सरासरी अठरा दिवस टिकतो, आपली समजूत मात्र आठवड्याभराची. आठवडा उलटला की आपण गोळी मागतो, खोकला आपल्या वेळेने जातो आणि डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे गावभर होते.

गोळी दिली नाही तर रुग्ण शेजारच्या दवाखान्यात जाईल, ही डॉक्टरांची अडचण खरी आहे. हातावर पोट असलेल्याला दुसरी खेपही परवडत नाही. त्यावर तोडगा आहे. चिठ्ठी लिहून द्यावी, पण ताप वाढला, धाप लागली किंवा तीन दिवसांत उतार पडला नाही तरच गोळ्या घ्या, असे बजावावे. ब्रिटनमध्ये या पद्धतीने अँटिबायोटिकचा वापर घटला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांचा जिवाणूजन्य घसा तसाच सोडला तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पण त्याच्या खुणा आहेत: ताप, टॉन्सिलवर पू, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे. तिथे अमॉक्सिसिलिन जरूर द्यावे. नाक गळत असेल, खोकला असेल, तर कारण बहुधा विषाणूच.

गरज नसताना घेतलेल्या अँटिबायोटिकने जिवाणू औषधांना जुमानेनासे होतात. अशा जिवाणूंनी २०१९ मध्ये जगात थेट १२.७ लाख बळी घेतले. केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना अँटिबायोटिक लिहिताना कारणही नोंदवायला सांगितले. जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांनीही ते आपणहून सुरू करावे. कारण लिहायला लागले की हात थबकतो. आणि गोळीशिवाय घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांची फी आपण कुरकुर न करता द्यावी, पुढच्या वेळीही त्यांच्याकडेच जावे.