घराचा खरा हिशेब

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळी घराची विवंचना बहुधा वास्तुशांतीबरोबर संपत असावी. आज पगारदार माणसाची विवंचना तेथूनच सुरू होते. एकीकडे पंधरा-वीस वर्षांचे कर्जाचे हप्ते आणि दुसरीकडे तापलेल्या स्लॅबखालची खोली राहण्याजोगी ठेवण्यासाठी विजेचे वाढते बिल. चौरस फुटाला दर काय, एवढा एकच प्रश्न विचारून घर बांधण्याच्या सवयीचे हे फळ आहे. प्रस्तुत लेखकानेही, अर्थशास्त्र शिकवीत असूनही, आपल्या घराच्या वेळी दुसरा प्रश्न विचारला नाही. त्याची किंमत तो दर उन्हाळ्यात मोजतो आहे.

वस्तूचा बाजारभाव म्हणजे तिचा संपूर्ण खर्च नव्हे. सिमेंट करताना चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सियस तापमानाला भाजावी लागते. इंधनाच्या धुराखेरीज खुद्द चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. जगातील या वायूच्या एकूण उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्क्यांच्या घरात आहे. भट्टीच्या विटेसाठी शेतातील सुपीक माती खर्ची पडते. हा सामाजिक परिव्यय कोणत्याही पावतीवर लिहिलेला नसतो. पण तो कोणीतरी भरतोच.

याला पर्याय नाही काय? तो अर्धशतकापूर्वी दाखविला गेला आहे, आणि तोही अर्थशास्त्राच्या एका संस्थेच्या आवारात. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिरुवनंतपुरम येथे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था उभी राहिली. के. एन. राज यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ तिचे संस्थापक आणि लॉरी बेकर तिचे वास्तुशिल्पी. बेकर विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचीत. त्यामुळे भिंतीत पोकळी राहते, सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि कोंडलेली हवा उन्हाची झळ अडविते. स्लॅबच्या खालच्या भागातील काँक्रीट फारसा भार पेलत नाही, म्हणून तेथे ते जुनी कौले बसवीत. सिमेंट व लोखंड दोन्ही वाचे. बहुतेक भिंतींना ते गिलावाही करीत नसत. या पद्धतीत साहित्यावरचा खर्च घटतो आणि गवंड्याच्या कौशल्याला मोल येते. म्हणजेच घराचा पैसा दूरच्या कारखान्यात न जाता गावातच फिरतो.

'मग पुन्हा दगडमातीच्या घरात जायचे काय?' असा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या रुंद भिंती व माळवदांची जड माती अंगावर कोसळून हजारो माणसे दगावली. परंतु तो दोष केवळ मातीचा नव्हता. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते, घराला चोहोबाजूंनी आवळणारा पट्टा नव्हता. स्थानिक साहित्याला शास्त्राची जोड नसेल तर ते घातक ठरते, हाच त्या आपत्तीचा धडा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९७४ पासून हेच काम हाती घेतले. मातीत थोडे सिमेंट मिसळून, दाबून, न भाजता पक्के ठोकळे करण्याची पद्धत तेथे विकसित झाली.

तेव्हा प्रश्न साहित्याचा नसून शिक्षणाचा आहे. कोराडी, चंद्रपूर, परळी येथील वीजकेंद्रांच्या राखेपासून भट्टीविना विटा होतात. कोकणात जांभा पायाखालीच आहे. आपले गवंडी आणि तंत्रनिकेतनांचे विद्यार्थी या गोष्टी हाताने करायला शिकले पाहिजेत. आणि घर बांधणाऱ्याने आराखड्यावर सही करण्यापूर्वी विचारले पाहिजे: पश्चिमेच्या भिंतीवर सावली कशाची? वारा कोठून येऊन कोठे जाईल? छत किती तापेल? हे प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारल्यास मात्र हप्ते फिटल्यावरही त्यांची भरपाई चालूच राहते.