वायफायलाही शेजपाळी लावा



टेलच्या शेतकऱ्याचं दुखणं आपल्याला कुणी सांगायला नको. खडकवासल्याचं आवर्तन सुटतं, वरची दारं उघडी राहतात आणि इंदापूरपर्यंत नुसती ओल येते. परवा एका अभ्यासिकेत हेच बघितलं, फक्त पाण्याच्या जागी वायफाय होतं. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी पोरगी पाऊण तास फिरतं चक्र बघत बसलेली, आणि कोपऱ्यात एक पठ्ठ्या अख्खी वेब सिरीज उतरवून घेतोय! सगळ्यांचा सल्ला एकच, "मोठा प्लॅन घ्या."

मोठा प्लॅन घेतला तरी पहिलं दार त्याच पठ्ठ्याचं. आधी पाटकरी नेमा.

हा पाटकरी फुकट मिळतो. ओपीएनसेन्स नावाची मुक्त प्रणाली आहे, पीएफसेन्समधून फुटून २०१५ साली बाहेर आलेली. अडगळीतल्या, पण ६४ बिटच्या कॉम्प्युटरवर चढते. नेटवर्कचे दोन पोर्ट हवेत, एकात कंपनीची लाइन, दुसऱ्यात आपला वायफाय. वायफायचा राउटर मात्र ॲक्सेस पॉइंट मोडवर ठेवा, नाहीतर सगळे मोबाईल एकाच पत्त्यावर दिसतात आणि वाटपाचा खेळ खलास.

लाइन १०० एमबीपीएसची असेल तर मर्यादा ९० च्या आसपास लावायची. वरचं दहा वाया गेलं असं वाटतं, पण त्यामुळे रांग कंपनीच्या यंत्रात न तुंबता आपल्या ताब्यात राहते. मग प्रत्येक मोबाईलला सारखा वाटा. एकटाच बसलाय? पूर्ण ९० त्याचे. दहा जण ओढतायत? प्रत्येकी ९. एकाने पन्नास डाउनलोड लावले तरी वाटा एकाचाच. फॉर्म भरायला ९ एमबीपीएस रग्गड झाले.

कुणी म्हणेल, हा तर नेट न्यूट्रॅलिटीचा भंग. बरोबर शंका आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने वेगवेगळ्या मजकुराला वेगवेगळा दर लावायला बंदी घातली, तेव्हा आपणही टाळ्या वाजवल्या होत्या. पण इथे यूट्यूब चांगलं की वाईट हे कुणी ठरवत नाही. माणशी वाटप आहे, बघायचं ते बघा.

खरी भीती वेगळी आहे. त्याच पेटीतून कोण कुठल्या साइटवर गेलं याची नोंदही ठेवता येते. पाटकऱ्याच्या हातात दाराची किल्ली असते तसा इथे पासवर्ड, आणि किल्ली कुणाकडे यावरून गावात काय काय होतं ते मी लिहायला नको. म्हणून ग्रामपंचायत किंवा अभ्यासिका असलं काही बसवणार असेल तर आधी ग्रामसभेत ठराव करा. वाटा किती, नोंदी बंद की चालू, पासवर्ड कोणत्या दोघांकडे, हे भिंतीवर लिहून लावा.

जेसीबीने केबल तोडली तर पाटकरीही हात चोळत बसणार, हे आधीच सांगतो. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडतोय. कुणाच्या घरी जुना कॉम्प्युटर पडून असेल तर कमेंटमध्ये सांगा.