‘सर्वानुमते मंजूर’च्या पलीकडे

पानशेतच्या पुराबद्दल पुणेकर पुष्कळ बोलतात, पण बहुधा एकाच दिवसाबद्दल बोलतात. 12 जुलै 1961. पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले, मुठेकाठच्या पेठांतले वाडे कोसळले. पाणी कुठवर चढले होते, हे घरोघरी सांगितले जाते. पाणी ओसरल्यावर घरे कशी उभी राहिली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आपत्तीच्या कथेला आपल्याकडे श्रोते मिळतात. कमिटीच्या बैठकीला मिळत नाहीत.

वास्तविक, ऐकण्यासारखे पुढेच आहे. पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटांमध्ये दिवस काढलेल्या कुटुंबांसाठी गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. पूरग्रस्तांनी सहकारी गृहरचना संस्था काढल्या आणि शासनाने दिलेल्या जमिनींवर घरे उभी केली. वाड्यातला ‘भाडेकरू’ आधी ‘पूरग्रस्त’ झाला आणि मग ‘सभासद’. भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. माणसाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलणारा हा तीन शब्दांचा प्रवास भाषेच्या अभ्यासकाचा विषय नसेल, तर मग कोणाचा आहे?

यावर ठरलेले उत्तर मिळते: ही समाजशास्त्राची सामग्री आहे, साहित्य नव्हे. हे उत्तर पुण्यात बसून देणे विशेष धाडसाचे आहे. याच शहरातून हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना बोलते केले नसते, तर 1989 साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक झालेच नसते. 2015 मध्ये स्वेतलाना अलेक्सियेविच यांना साहित्याचे नोबेल मिळाले, तेही सामान्य माणसांच्या साक्षींवर उभ्या असलेल्या लेखनाला. तेव्हा आक्षेप शास्त्राचा नाही, सवयीचा आहे. ठरावीक आठ-दहा कादंबऱ्यांवर आणखी एक प्रबंध लिहिणे सोयीचे असते, इतकेच.

दुसरा आक्षेप असा की, संस्थांची दप्तरे आहेतच. आहेत. पण इतिवृत्ताची भाषा ज्याने वाचली आहे, त्याला तिचा आवडता शब्दप्रयोग ठाऊक असतो: ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. त्या बैठकीत कोण भांडले, कोण उठून गेले, हप्ता थकलेल्या शेजाऱ्यासाठी कोणी शब्द टाकला, भागाची रक्कम उभी करायला कोणाच्या पाटल्या गेल्या, हे त्या तीन शब्दांखाली गाडले जाते. भागदाखल्यावर ज्यांचे नाव नव्हते, त्या बायकांचे तर दप्तरात अस्तित्वच नाही.

मला सहकाराची आरती ओवाळायची नाही. पोटभाडेकरूंचे काय झाले? नदीकाठच्या झोपड्यांतल्या किती जणांना सभासदत्व मिळाले आणि किती जण यादीबाहेर राहिले? हे प्रश्नही विचारलेच पाहिजेत, आणि ते माणसांनाच विचारावे लागतील. मौखिक इतिहास म्हणजे आठवणींचा गोडवा नव्हे. उलटतपासणीही त्याच्यातच येते.

वेळ मात्र थोडा आहे. 1961 साली पंचविशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. पुनर्विकासात इमारत पाडली की त्या घराबद्दल विचारायचे कोणाला, हेही कळेनासे होते. नव्या जागेच्या कागदावर चौरस फूट असतात. जुने घर कसे झाले, ते नसते.

मराठी विभागांनी एवढेच करावे. एम. ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एका वृद्ध सभासदाकडे, आणि यादीबाहेर राहिलेल्या एकाकडे जावे. संमती घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्यांच्याच बोलीत, शुद्ध न करता, उतरवून काढावे. एक प्रत त्या कुटुंबाला द्यावी, एक ग्रंथालयात ठेवावी. यासाठी अनुदान लागत नाही. लागते ती दुपार, आणि गप्प बसून ऐकण्याची तयारी. आपल्याकडे खरी टंचाई बहुधा दुसऱ्या गोष्टीची आहे.