इंग्रजीची सुरावट कोणाच्या मालकीची?

पुण्यातील महाविद्यालयांत बाहेरगावाहून आलेला विद्यार्थी चर्चासत्रात इंग्रजी निबंध वाचावयास उभा राहतो. आकडे बरोबर असतात, व्याकरणही ठीक असते; परंतु सारी वाक्ये एकाच पट्टीत जातात आणि मागच्या बाकांवर हसू फुटते. (पुण्यात हे हसू नवे नव्हे, 'न' आणि 'ण' यांवरून ते मराठीच्या वर्गातही ऐकू येते.) दोष 'गावंढळ उच्चारा'चा ठरवून विषय मिटविला जातो.

वास्तविक मराठीत भर द्यावयाचा तो बहुधा 'च', 'तर', 'मात्र' अशा अव्ययांनी, किंवा शब्दांची जागा बदलून. 'पैशातील वेतन वाढले, वास्तव वेतन मात्र घटले' या वाक्यातील विरोध 'मात्र' सांभाळतो. इंग्रजीत 'मनी वेजेस रोज, रियल वेजेस फेल' असे म्हणताना ते काम आवाजाला करावे लागते. आघात 'मनी' आणि 'रियल' या शब्दांवर हवा. दोन्ही वेळा तो 'वेजेस'वर पडला तर श्रोत्याच्या हाती विरोधच लागत नाही. विद्यार्थ्याला अर्थशास्त्र येत असते. हे साधन त्याला कोणी दिलेले नसते.

दिले जातात ते चढत्या-उतरत्या सुरांचे बाण. ते उत्तरपत्रिकेत काढले की गुण मिळतात. तोंड न उघडता सुरावटीत उत्तीर्ण होता येते! नमुना मात्र इंग्लंडमधील उच्चभ्रूंच्या बोलण्याचा. आर. के. बन्सल यांनी १९६९ सालीच भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजते, हा प्रश्न अभ्यासास घेतला होता. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली आणखी पुढे जाऊन मांडले की, परभाषकांच्या आपसातील इंग्रजीत मुख्य आघात योग्य शब्दावर पडणे आवश्यक आहे. सुरांचे चढ-उतार इंग्रजांसारखे असण्याची गरज नाही आणि ते वर्गात शिकविताही येत नाहीत.

आघात शिकविणे खर्चाचे नाही. विद्यार्थ्याने आपल्याच निबंधातील नवा मुद्दा सांगणारा शब्द अधोरेखित करावा, मोठ्याने वाचावे आणि शिक्षकाने ऐकून 'पुन्हा' म्हणावे. पण ऐकावयास शिक्षक हवा. भरगच्च वर्ग आणि तासिका तत्त्वावर राबणारा अध्यापक, अशा व्यवस्थेत तो कोठून मिळणार? ही उणीव खासगी शिकवण्या भरून काढतात, आणि ज्याला शुल्क परवडते त्याला आघाताऐवजी परदेशी ढंग विकतात. बाण काढण्याच्या प्रश्नाऐवजी तोंडी परीक्षा, वीस जणांचे गट आणि रिक्त पदांवर कायम नेमणुका, या मागण्या शुल्कवाढविरोधी निवेदनांतच घालून विद्यार्थी संघटनांनी त्या विद्यापीठाच्या अधिसभेपर्यंत न्याव्यात.