विश्लेषण : ४,८०० किलोमीटर, १२ दिवस… ‘रॅम’मध्ये खरी कसोटी पायांची की झोपेची?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सलग सायकल चालवण्याची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ म्हणजेच ‘रॅम’ ही जगातील सर्वांत खडतर सायकल शर्यतींपैकी एक मानली जाते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली, तेव्हा १२ दिवसांची मुदत संपायला काही तासच उरले होते. ही शर्यत इतकी अवघड का?

टूर द फ्रान्सपेक्षा वेगळी कशी?
‘टूर’मध्ये २१ टप्पे असतात. टप्पा संपला की घड्याळ थांबते आणि खेळाडू हॉटेलात झोपतो. ‘रॅम’मध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत घड्याळ थांबतच नाही. झोपही शर्यतीच्या वेळेतच मोजली जाते.

गणित काय सांगते?
अंतर सुमारे ४,८०० किमी, म्हणजे रोज ४०० किमी. ताशी २२ किमी सरासरी धरली तरी रोज १८ तास सायकलवर जातात. उरलेल्या सहा तासांत जेवण, कपडे बदलणे, दुरुस्ती आणि झोप. त्यातच वाटेत कॅलिफोर्नियाचे तापलेले वाळवंट, ३,३०० मीटरवरची वुल्फ क्रीक खिंड आणि कॅन्ससचा वारा. वेग घटला की कात्री लागते ती झोपेलाच.

शरीरावर काय परिणाम होतो?
दिवसेंदिवस वाकून बसल्याने मानेचे स्नायू थकतात आणि डोके वर धरता येत नाही. १९८३ च्या शर्यतीत मायकेल शर्मर यांना हा त्रास झाला. तेव्हापासून त्याला ‘शर्मर नेक’ म्हणतात. अपुऱ्या झोपेमुळे भास होतात. पाच वेळचे विजेते युरे रोबिच यांनाही ते होत.

मग धोका कुठे आहे?
रस्ता वाहतुकीसाठी सुरूच असतो. ‘रॅम’मध्ये रात्री स्पर्धकामागे मदतपथकाची गाडी असते, पण चालकाचीही झोप अपुरीच. काही शर्यतींत तर मदतपथकच नसते. अशाच एका ऑस्ट्रेलियातील शर्यतीत ३१ मार्च २०१७ रोजी पहाटेच्या अंधारात मोटारीच्या धडकेत माइक हॉल यांचा मृत्यू झाला आणि शर्यत रद्द करावी लागली.

आपल्याकडे याचा संबंध काय?
पुणे, मुंबई, नाशिकचे अनेक हौशी सायकलपटू ‘ब्रेव्हे’ करतात. त्यात ६०० किमीसाठी ४० तास मिळतात. ही शर्यत नव्हे; लवकर पोहोचल्याबद्दल क्रमांक मिळत नाही. त्यामुळे ताशी २० किमी सरासरी राखणाऱ्याला विश्रांतीसाठी १० तास उरतात. ते वापरायचे की नाही, हे मात्र त्यानेच ठरवायचे. डोळे मिटू लागले की थांबणे, हा नियम कोणत्याही पुस्तिकेत नसला तरी पाळायलाच हवा. कारण डुलकी लागलेल्या सायकलस्वाराला मागून येणारा ट्रक दुसरी संधी देत नाही.